तुडवलेला गहू आणि अनवाणी गेन

वाचकहो, गव्हाचे रोप चार बोटे वर आले आहे, पाटाचे पाणी नुकतेच देऊन झाले आहे, आणि अशा वेळी शेजारचे पोर वाफ्यात शिरून रोपे तुडवू लागले, तर तुम्ही काय कराल? बांधावरूनच ओरडाल, हाताला लागेल ते ढेकूळ फेकाल, आणि संध्याकाळी त्याच्या बापाकडे गाऱ्हाणे घेऊन जाल.

पण जपानात शेतकरी स्वतःच हे काम करीत आला आहे. तेथे गहू आणि सातू थंडीच्या तोंडावर पेरतात. ऐन हिवाळ्यात जमिनीतल्या ओलाव्याचे बर्फ होते, माती फुगून वर येते आणि रोपांची मुळे उचलली जातात. म्हणून शेतकरी, त्याची बायको, पोरे असे सगळे ओळीने उभे राहतात आणि बारीक पावले टाकीत रोपे पायाखाली दाबीत जातात. मुळे पुन्हा मातीला धरतात, नुसती उंच जाणारी वाढ थांबते, बुडातून फुटवे जास्त येतात आणि पुढे पीक सहसा लोळत नाही. हिवाळ्यात असे एकदा नव्हे, अनेकदा करतात. या कामाला तिकडे 'मुगिफुमि' म्हणतात. आता पुष्कळ ठिकाणी ट्रॅक्टरमागे रूळ लावून हेच काम होते. आपल्याकडे हरभऱ्याचे शेंडे खुडतात, त्याच्या जवळचाच हा प्रकार. शेंडा मोडला की खालून फुटते, हे शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही.

या तुडवलेल्या गव्हापासून सुरू होणारी एक चित्रकथा आहे. दहा भागांची. तिचे नाव 'हादाशि नो गेन', म्हणजे 'अनवाणी गेन'. पहिल्याच पानांत एक बाप आपल्या दोन पोरांना गव्हाचे उदाहरण देतो. हिवाळ्यात कोंब फुटतो, लोक त्याला पुन्हा पुन्हा तुडवतात, तरी तो मुळे घट्ट रोवून सरळ उभा राहतो आणि लोंबी धरतो. तुम्हीही तसे व्हा, असे तो सांगतो. गाव हिरोशिमा, साल १९४५. पुढे काय होणार ते वाचणाऱ्याला ठाऊक असते, त्या पोरांना नसते.

ही चित्रकथा केइजी नाकाझावा या चित्रकाराने काढली. चित्रांची पुस्तके म्हणजे पोरांचा वेळ घालवण्याचा उद्योग, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. अभ्यासाच्या वहीखाली असे पुस्तक सापडले की आपण ते हिसकावून घेतो. म्हणून आज या चित्रकाराची हकिगत तुम्हाला सांगायची आहे. त्याने काय पाहिले, ते कागदावर कसे उतरवले, आणि पोरांनी तोंड फिरवू नये म्हणून काय काय केले, हे सारे समजून घेण्यासारखे आहे.

रंगांचा वास असलेले घर

नाकाझावांचा जन्म १४ मार्च १९३९ रोजी हिरोशिमात झाला. वडील जुन्या जपानी पद्धतीची चित्रे काढीत आणि पोटासाठी लाकडी खडावांवर नक्षी रंगवीत. म्हणजे घरात रंगांच्या वाट्या, कुंचले, लाखेचा वास हे सगळे रोजचे. वडिलांना नाटकाचाही नाद होता आणि युद्ध त्यांना मान्य नव्हते. त्या काळी जपानात युद्धाविरुद्ध बोलणे हा गुन्हाच होता. पोलिसांनी त्यांना पकडून नेले आणि वर्षाहून अधिक काळ कोठडीत ठेवले. अशा घराकडे शेजारीपाजारी कोणत्या नजरेने पाहतात, ते गावात राहणाऱ्या माणसाला वेगळे सांगायला नको. घरात खाणारी तोंडे पुष्कळ, रेशन अपुरे, आणि आई गरोदर.

६ ऑगस्ट १९४५. सकाळचे सव्वाआठ. सहा वर्षांचा केइजी शाळेच्या फाटकापाशी पोचला होता. तेवढ्यात एका मुलाच्या आईने त्याला थांबवून काहीतरी विचारले. वर आकाशात विमान दिसत होते. दोघे बोलत असतानाच प्रकाश झाला. मधोमध पांढरा आणि कडांना पिवळा-तांबडा असा तो लोळ नाकाझावांच्या डोळ्यांत कायमचा राहिला. बाँब फुटला ती जागा तिथून सुमारे सव्वा किलोमीटरवर होती. केइजी शाळेच्या सिमेंटच्या भिंतीच्या आडोशाला होता, म्हणून वाचला. ती बाई आडोशाबाहेर होती. ती जळून गेली.

घरी वडील, थोरली बहीण आणि धाकटा भाऊ मोडलेल्या घराखाली सापडले. मग आग आली. आई तेवढी बाहेर होती. तिने आपल्या हातांनी तुळई उचलण्याची धडपड केली, पण ती हलली नाही. एका शेजाऱ्याने तिला ओढून नेले. त्याच दिवशी रस्त्याच्या कडेला ती बाळंत झाली. मुलगी झाली. ट्रामच्या थांब्यापाशी केइजीला आई सापडली तेव्हा तान्हे बाळ तिच्या कुशीत होते. ते बाळही चार महिन्यांनी गेले. त्या वर्षाअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार माणसे मेली असे मानतात. पण नाकाझावांनी पुढे जे काढले, त्यात आकडा फार थोडा आहे. त्यात आहे ती एक आई, एक तुळई आणि आतून येणारी हाक.

पाटीवाल्याच्या दुकानातले शिक्षण

लढाईनंतरची उपासमार चालू होती. प्राथमिक शाळेत असतानाच या पोराच्या हाती ओसामु तेझुका या चित्रकाराची 'नवा खजिन्याचा बेट' या अर्थाच्या नावाची चित्रकथा पडली. ती १९४७ साली निघाली होती. तेझुका हे जपानी चित्रकथेचे मोठे नाव. त्यांनी सिनेमासारखी चित्रे मांडली. गाडी लांबून येते, जवळ येते, अंगावरून निघून जाते, हे सगळे चौकटीचौकटीतून दाखवले. केइजीने ते पुस्तक पुन्हा पुन्हा वाचले आणि त्यातली चित्रे जशीच्या तशी उतरवून काढली. चित्रकथा काढायला शिकवणारी शाळा त्याला मिळाली नाही. तेच पुस्तक त्याचा गुरू झाले.

शाळा संपल्यावर तो एका पाट्या रंगवणाऱ्याकडे कामाला लागला. आपल्याकडे तालुक्याच्या गावी दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फाळक्यांवरची चित्रे, जत्रेतल्या तमाशाचे फलक रंगवणारे कारागीर असत, तसलेच ते काम. या धंद्यात एक गोष्ट पक्की शिकायला मिळते. पाटी रस्त्यापलीकडून वाचता आली पाहिजे. बारीक नाजूक रेघ लांबून दिसत नाही. अक्षर ठसठशीत हवे, कडा स्वच्छ हव्यात. नाकाझावांची पुढची चित्रे पाहिली की हा पाटीवाल्याचा हात ओळखू येतो.

१९६१ साली ते टोकियोला गेले. मोठ्या चित्रकारांच्या हाताखाली राबले. १९६३ साली त्यांची स्वतःची चित्रकथा छापून येऊ लागली. त्या गोष्टी साहसाच्या आणि करमणुकीच्या. हिरोशिमाचे नावही त्यात नव्हते. आपण बाँबमधून वाचलेले आहोत असे कळले की लोक दूर सरकतात, हा अनुभव त्यांना आला होता. त्या किरणांचा रोग स्पर्शाने लागतो अशी लोकांची समजूत होती. वाचलेल्यांच्या मुलामुलींची लग्नेही त्यामुळे अडत. म्हणून नाकाझावा गप्प राहिले. आत होते ते आतच ठेवले.

आईच्या अस्थी

१९६६ साली आई वारली. जपानातही आपल्यासारखेच दहन करतात आणि नंतर घरची माणसे अस्थी वेचून कलशात ठेवतात. नाकाझावा अस्थी वेचायला गेले, तर वेचण्यासारखे काही नव्हते. राखेत हाडांचे नुसते पांढरे बारीक तुकडे होते. बाँबच्या किरणांनी आईची हाडेसुद्धा खाल्ली, असे त्यांच्या मनाने घेतले. आयुष्यभर ती बाई आजारपण काढीत जगली, आणि मेल्यावर लेकाला अस्थीही मिळू नयेत?

वाचकहो, आपल्यातल्या ज्यांनी आईच्या किंवा बापाच्या अस्थी गोळा केल्या आहेत, त्यांना या ठिकाणी अधिक काही सांगण्याची गरज नाही. टोकियोला परतताना त्यांनी ठरवले, की आता या विषयावर काढायचे. पाच वर्षे झाकून ठेवलेली गोष्ट वर आली.

पहिली चित्रकथा त्यांनी रागाच्या भरात काढली. तिचे नाव 'काळ्या पावसाच्या माऱ्यात' अशा अर्थाचे. बाँबनंतर हिरोशिमावर राखेने काळा झालेला पाऊस पडला होता, त्यावरून ते नाव. मोठ्या मासिकांनी ती परत पाठवली. विषय फार कडक आहे, असे त्यांचे म्हणणे. दोन वर्षांनी, १९६८ साली, प्रौढांसाठी निघणाऱ्या एका मासिकात ती छापली गेली. मग त्याच धर्तीच्या आणखी काही आल्या.

१९७२ साली मुलांच्या एका मोठ्या मासिकाने चित्रकारांना आपापली जीवनकथा काढायला सांगितले. नाकाझावांनी 'मी पाहिले' या नावाने आपली कथा काढली. ४५ पाने. संपादक नागानो यांनी ती वाचली आणि सांगितले, की हे एवढ्यात मावणारे नाही. तुम्ही यावर लांब कथा काढा, पाने लागतील तेवढी घ्या. ज्या विषयाला पूर्वी दारे बंद झाली होती, त्याला एका माणसाने असे दार उघडून दिले. १९७३ च्या जूनमध्ये 'शोनेन जंप' या मुलांच्या साप्ताहिकात 'अनवाणी गेन' सुरू झाली.

एक पान कसे तयार होते

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. जपानी चित्रकथेचे पान एकदम काढले जात नाही. पेरणीआधी जशी नांगरट, कुळवणी असते, तशा त्याच्याही पायऱ्या असतात.

प्रथम कच्च्या कागदावर चौकटी पाडतात. कोणत्या चौकटीत कोण, कुठे उभा, काय बोलतो, एवढेच त्यात असते. माणसांच्या जागी नुसते गोळे आणि काड्या. त्याला तिकडच्या भाषेत 'नेमु' म्हणतात. खरी गोष्ट इथेच ठरते. कोणती चौकट मोठी करायची, कुठे पान उलटायला लावायचे, कुठे वाचणाऱ्याला क्षणभर थांबवायचे, हे याच वेळी पाहतात. जपानी पुस्तक आपल्या उलट, उजवीकडून डावीकडे वाचतात. त्यामुळे डाव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत उत्सुकता ठेवली की पोर पान उलटतेच.

मग जाड कागदावर पेन्सिलीने चित्र. त्यावर टाक शाईत बुडवून रेघा. टाकाची निब अशी असते, की दाबली तर रेघ जाड येते आणि हात हलका ठेवला तर केसासारखी. नंतर कुंचल्याने काळे भरायचे, पेन्सिलीच्या खुणा खोडायच्या. राखी छटेसाठी बारीक ठिपके छापलेला चिकट कागद कापून चिकटवायचा. बोलण्याची अक्षरे छापखान्यात जुळवून फुग्यांत बसवतात. बहुतेक पाने एकाच रंगात, स्वस्त कागदावर छापली जातात. अशा कागदावर शाई पसरते, म्हणून रेघ मोकळी आणि ठळक लागते. साप्ताहिकाचा रगाडा मोठा. दर आठवड्याला पाने द्यायचीच. थकलो म्हणून चालत नाही. मोठे चित्रकार मदतनीस ठेवतात. नाकाझावांना या कामात पत्नीची साथ होती.

पण हे तंत्र तिकडे कोणीही शिकतो. नाकाझावांचे स्वतःचे असे काय होते, ते पुढे पाहू.

ठसठशीत रेघ, साधे चेहरे

त्यांची चित्रे सुंदर नाहीत, असे जाणकारही म्हणतात. गेनचे डोके गोल, भुवया जाड, तोंड उघडले की कानापर्यंत. पोरे सदा पळतात, मारामाऱ्या करतात, रडतात तेव्हा डोळ्यांतून धारा लागतात. मोठी माणसे रागावली की हात उगारतातच. नाजूकपणा नाही. हे चेहरे मुलांच्या विनोदी चित्रकथेतले आहेत. आणि हे असे असणे फार उपयोगी पडले. असले चेहरे पाहून पोर पुस्तक उघडते. गेन आणि त्याचा धाकटा भाऊ शिंजी यांच्या खोड्या पाहून हसते. गरोदर आईला अंगात ताकद यावी म्हणून ही दोघे एका श्रीमंताच्या तळ्यातला मासा चोरायला जातात, तेव्हा वाचणारे पोर मनाने त्यांच्याबरोबर पाण्यात उतरते. पहिला भागभर अशी ओळख होते. म्हणून बाँब पडतो तेव्हा तो अनोळखी लोकांवर पडत नाही, आपल्या सोबत्यांवर पडतो.

चेहरे साधे, पण आजूबाजूचे गाव मात्र खरे. लाकडी घरे, ट्राम, विजेचे खांब, घुमट असलेली ती इमारत, हे सारे जिथल्या तिथे काढलेले. हिरोशिमाच्या माणसाने पाहिले तर रस्ता ओळखावा, असे.

आणखी एक गोष्ट नजरेत भरते. कथेत पुन्हा पुन्हा सूर्याची चौकट येते. मध्येच एक गोल सूर्य, कधी तापलेला, कधी ढगाआडचा. त्याने दिवस उजाडला, दिवस मावळला, हे कळते. शिवाय खाली काहीही होवो, सूर्य वर येतच राहतो, हेही दिसते. शेतात राबणाऱ्याला घड्याळ लागत नाही, तसे या कथेलाही लागत नाही.

किती दाखवायचे?

सर्वांत अवघड प्रश्न हा होता. नाकाझावांनी जे पाहिले होते ते जसेच्या तसे काढले असते, तर कोणीही ते पान धरून ठेवले नसते. माणसांची कातडी सोलून हातांवरून लोंबत होती. जखमांना जखमा घासू नयेत म्हणून ती माणसे दोन्ही हात पुढे धरून चालत होती. काचा अंगभर रुतल्या होत्या. त्यांच्या मनात होते की खरे ते सगळे दाखवावे. पण पाहवत नाही, किळस येते, असे वाचकांकडून येऊ लागले. पोराने पुस्तकच मिटले तर सांगणार कोणाला? म्हणून त्यांनी हात आवरता घेतला. मनाविरुद्ध, आपण पाहिले त्याहून सौम्य काढले. आज ही पाने उघडून हबकणाऱ्या माणसाने हे ध्यानात ठेवावे, की ही सौम्य केलेली चित्रे आहेत.

सौम्य करताना त्यांनी खोटे मात्र केले नाही. हात पुढे धरून चालणारी माणसे काढली. फक्त रेघा कमी ठेवल्या, आकार साधे ठेवले. ज्या गोष्टीने ते दृश्य ओळखू येते ती ठेवली आणि बाकीची गाळली. धान्य पाखडताना बाई फोल उडवते आणि दाणा राखते, तसे ते होते.

या कामाची त्यांना स्वतःला किंमत मोजावी लागली. ती दृश्ये काढायला बसले की त्या दिवसांतला वास पुन्हा नाकात येई. ही चित्रे काढणे त्यांना आवडत नसे. तरी ते काढीत राहिले.

जिथे तो नव्हता, तिथे त्याला उभे केले

आता एक गोष्ट नीट ऐका. घर जळाले तेव्हा केइजी तिथे नव्हता. तो शाळेपाशी होता. बाप आणि भाऊ कसे गेले ते त्याने डोळ्यांनी पाहिले नाही. ते आईने पाहिले होते आणि नंतर अनेकदा सांगितले होते. ऐकून ऐकून ते त्याच्या डोळ्यांसमोर उभे राहिले.

चित्रकथेत मात्र गेन धावत घरी पोचतो. तो तुळईखाली खांदा लावतो, लाकडाची पहार करून पाहतो, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पाया पडतो. तुळई हलत नाही. मग बाप त्याला सांगतो, की आईला घेऊन नीघ. नाकाझावांनी स्वतःला त्या जागी नेऊन उभे केले. सहा वर्षांच्या पोराला जे करता आले नव्हते, ते करण्याची धडपड त्याने निदान कागदावर केली. आणि कागदावरसुद्धा त्यांनी बापाला वाचवले नाही. ते त्यांच्या हातात होते. एक रेघ वेगळी काढली असती तर तुळई उचलली गेली असती. पण मग ती आईची गोष्ट राहिली नसती.

पुढे गेनला रस्त्यावर र्‍युता नावाचा एक अनाथ पोर भेटतो. तो हुबेहूब मेलेल्या शिंजीसारखा दिसतो आणि घरातलाच होऊन जातो. एवढी सवलत चित्रकाराने स्वतःला घेतली. ज्या पोरांना कोणी उरले नव्हते अशी पुष्कळ पोरे त्या गावात होती; त्यांतल्या एकाला त्यांनी भावाचा चेहरा दिला.

'गेन' या नावाचा अर्थ मूळ, उगम असा आहे. जळलेल्या मातीवर अनवाणी उभा राहील, पायाखालची जमीन ओळखील आणि अशा बाँबला नाही म्हणेल, असा तो मुलगा व्हावा, या इच्छेने हे नाव ठेवले असे नाकाझावा सांगत. म्हणून तो अनवाणी, आणि म्हणूनच तो गहू. बापाने सांगितलेली गव्हाची गोष्ट दहाही भागांत गेनची पाठ सोडत नाही. शेवटी तोही पाटीवाल्याच्या हाताखाली शिकतो आणि चित्रकार व्हायला टोकियोची गाडी पकडतो. तिथे गोष्ट थांबते.

पुस्तकाचे पुढे काय झाले

मुलांच्या साप्ताहिकातले प्रकाशन १९७४ साली थांबले. पण कथा मेली नाही. दुसऱ्या नियतकालिकांनी ती एकामागून एक चालू ठेवली आणि १९८७ पर्यंत ती काढून पूर्ण झाली. १९७५ पासून पुस्तके निघू लागली. १९७६ साली काही तरुण मंडळींनी, पैसे न घेता, तिचे इंग्रजी भाषांतर हाती घेतले. १९८३ साली तिच्यावर चलचित्रपट निघाला. आज ती वीसहून अधिक भाषांत आहे. हिंदीतही ती आलेली आहे. जपानच्या शाळांच्या वाचनालयांत इतर चित्रकथांना सहसा जागा नसे, तेव्हाही गेनचे भाग कपाटात असत आणि वाचून वाचून फाटत.

२००९ साली डोळ्यांनी साथ सोडली. बारीक रेघ दिसेना. तेव्हा पुढचा भाग काढण्याचा मनसुबा सोडून नाकाझावांनी टाक खाली ठेवला. मूळ चित्रे त्यांनी हिरोशिमाच्या शांतता स्मारक संग्रहालयाला दिली. १९ डिसेंबर २०१२ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

गहू तुडवायचा काही राहिला नाही. त्याच महिन्यात मात्सुए या शहराच्या शिक्षण मंडळाने ही पुस्तके शाळांच्या उघड्या कपाटांतून काढून आत ठेवायला सांगितली. काही चित्रे मुलांनी पाहण्यासारखी नाहीत, हे कारण. गवगवा झाला आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये तो हुकूम मागे घेण्यात आला. २०२३ साली खुद्द हिरोशिमा शहराने आपल्या शाळांच्या शांतता-शिक्षणाच्या साहित्यातून गेनचे उतारे काढले. आईसाठी मासा चोरण्याचा प्रसंग मुलांच्या मनात गोंधळ करील, असेही एक कारण त्या वेळी पुढे आले. त्यावरही लोक बोलले, आणि पुस्तक वाचणारे वाचतच आहेत. मुलांना किती दाखवावे, हा जो प्रश्न नाकाझावा टाक हाती घेऊन सोडवीत होते, तो अजून सुटलेला नाही. आपणही घरात तो रोज सोडवतो. दुष्काळाची, कर्जाची, मरणाची गोष्ट पोरांसमोर बोलावी की उठून बाहेर जावे, हा विचार कोणत्या घरात होत नाही?

तुमच्या घरातली गोष्ट

शेवटी थोडे तुमच्याशी बोलतो.

तुमच्या घरात १९७२ चा दुष्काळ पाहिलेले कोणी असेल. खडी फोडायला गेलेली आजी असेल, सुकडी खाऊन शाळेत गेलेले आजोबा असतील. कोयनेचा १९६७ चा भूकंप किंवा किल्लारीचा १९९३ चा भूकंप अंगावर घेतलेले कोणी असेल. त्यांनी ते पुष्कळदा सांगितले असेल, आणि आपण 'हो, ऐकलंय' म्हणून उठून गेलो असू. नाकाझावांची आईही तेच तेच सांगत होती. मुलाने ते ऐकून ठेवले, म्हणून ते पुढे जगाला दिसले.

तर एखाद्या संध्याकाळी पोराला आजीजवळ बसवा. हाती साधी पेन्सिल आणि पाठकोऱ्या कागदाची वही द्या. पाटीसारख्या मोठ्या चौकटी पाडू द्या, पानावर चार. पहिल्या चौकटीत घर, दुसरीत माणसे, तिसरीत काय झाले, चौथीत कोण उरले. चेहरे वाकडे आले तरी चालतील, गेनचेही वाकडेच आहेत. पण विहीर जिथे होती तिथेच काढायला सांगा, आणि बैलांची नावे आजीला विचारून लिहू द्या. काय गाळायचे ते आजी ठरवील. जे गाळले ते गाळू द्या, पण न घडलेले घालू देऊ नका.

आणि अभ्यासाच्या वहीखाली पुन्हा चित्रांचे पुस्तक सापडले, तर हिसकावण्याआधी दोन पाने तुम्हीही वाचून पाहा.